वेब्ली घरी आणण्यापूर्वी

जुनी लष्करी रिव्हॉल्व्हरं जमवण्याचा छंद चेंबूरमध्ये राहूनही करता येतो. त्यासाठी डोंगर, जंगल किंवा संस्थानिक घराणं लागत नाही. साहित्य मोजकंच आहे. भिंतीत पक्कं बसवलेलं एक लोखंडी कपाट. एक वकील, शक्यतो रात्री फोन उचलणारा. फायली भरपूर, कारण एका खात्याला दाखवायचे कागद दुसऱ्या खात्याच्या फायलीत सापडले की दोन्ही खाती जागी होतात. आणि रिव्हॉल्व्हर. ही शेवटची वस्तू सर्वांत शेवटी आणायची असते. बहुतेकांचा छंद ती न आणताच पूर्ण होतो, त्यामुळे तिच्यावाचून खोळंबून राहू नये.

पाठ पहिला: कुणावर जीव जडवायचा

नवशिक्याचं मन नव्याण्णव टक्के वेळा वेब्लीवर बसतं. बसू द्यावं. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचं हे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारलं आणि सुधारत सुधारत १९१५ मध्ये ते सहाव्या नमुन्यापर्यंत, म्हणजे ‘मार्क सिक्स’पर्यंत आणलं. सहा इंची नळी, किलोभराहून अधिक वजन, .४५५ बोअर. अंगठ्याने बाजूची कळ दाबली की नळी पुढे झुकते, सिलिंडरच्या मधून चांदणीसारखा तुकडा वर येतो आणि सहाच्या सहा पुंगळ्या एका झटक्यात बाहेर. ही हालचाल ज्याने एकदा पाहिली तो कामातून गेलाच. जुन्या नमुन्यांची मूठ पोपटाच्या चोचीसारखी खाली वळलेली असते, मार्क सिक्सची चौकोनी. एवढं सांगता आलं की लग्नाच्या पंगतीत तुम्हाला तज्ज्ञ समजायला हरकत नाही.

वेब्लीचा धाकटा भाऊ म्हणजे एन्फिल्ड, १९३२ चं. पहिल्या महायुद्धानंतर सैन्याच्या लक्षात आलं की .४५५ चा धक्का सोसून नेम साधायला माणूस तयार करण्यात फार वेळ जातो. म्हणून बोअर .३८ वर आणलं. पुढे रणगाड्यात चढता-उतरताना घोड्याचं टोक कशाकशात अडकायला लागलं, तेव्हा १९३८ मध्ये ते टोकच काढून टाकलं. नवशिक्याला असं बिनटोकाचं एन्फिल्ड दिसलं की तो ‘मोडकं आहे’ म्हणून भाव पाडायला बघतो. मोडकं नसतं, रणगाड्यातलं असतं.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढचा सगळा अभ्यास तिच्यावर उभा आहे. त्या काळी ब्रिटिश अधिकाऱ्याला रिव्हॉल्व्हर स्वतःच्या खिशातून घ्यावं लागे. कुठल्याही कंपनीचं घ्या, कुठूनही घ्या. मुंबईत काळा घोड्यापाशी ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ची शाखाच होती, आणि या दुकानाचं नाव कोरलेली वेब्ली आजही जगभरच्या संग्राहकांना सापडतात. (ती इमारत अजून उभी आहे. तिच्या तळमजल्यावर कपडे मिळायला लागले. तिथे जाऊन रिव्हॉल्व्हर विचारू नये.) सरकारची अट एकच होती: तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सरकारी काडतूस बसलं पाहिजे. लढाईच्या मधोमध साहेबाची स्वतःची काडतुसं संपली, तर पलटणीच्या पेटीतली चालली पाहिजेत. बाकी नक्षी, मूठ, नळीची लांबी ही साहेबाची हौस.

म्हणजे तेव्हाही सरकारला रिव्हॉल्व्हरमध्ये रस नव्हता. रस होता तो त्याच्या भोकात काय बसतं यात. आजही तसंच आहे, फक्त अट उलटी झाली आहे. ती तिसऱ्या पाठात.

पाठ दुसरा: माळा, ट्रंक आणि मेसोपोटेमिया

चेंबूरमध्ये जुन्या वस्तू बाहेर पडण्याचा हंगाम म्हणजे पुनर्विकास. टिळकनगर, सुभाषनगर, सहकारनगर इथल्या म्हाडाच्या जुन्या इमारती रिकाम्या होऊ लागल्या की पन्नास-साठ वर्षं हात न लागलेले माळे उघडतात. तांब्याचा बंब निघतो, जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे निघतात, आणि एखाद्या घरात पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी जड निघतं.

ते जड निघालं की घरातल्या ज्येष्ठांपैकी कुणीतरी सांगू लागतं, ‘अण्णांनी मेसोपोटेमियातून आणलं.’ नवशिक्याने इथे हुरळून जाऊ नये. मेसोपोटेमियात मराठा पलटणी लढल्या हे खरंच आहे. सहाव्या, म्हणजे पुण्याच्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या आणि कूटच्या वेढ्यात त्या अडकल्या. पण शिपायाच्या हाती बंदूक असे. रिव्हॉल्व्हर अधिकाऱ्याच्या कमरेला. आणि २९ एप्रिल १९१६ ला कूट शरण गेलं, त्याआधी आतल्या सैन्याने तोफा आणि हत्यारं स्वतःच निकामी करून टाकली. जे वाचले ते वाळवंटातून पायी कैदेत गेले. त्या चालीत एक किलोचं लोखंड धोतरात लपवून आणणारे अण्णा झाले असतील, तर त्यांचं स्मारक चेंबूर नाक्यावर व्हायला हवं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले. तिथल्या घरांतून पदकं निघतात, पत्रं निघतात. रिव्हॉल्व्हर हा तिथला वारसा नव्हे.

मराठी घरात खरं वेब्ली आलं ते बहुधा रणांगणावरून नाही, कचेरीतून आलं. मामलेदार, इनामदार, जंगल खात्यातला अधिकारी, कुठे एखादा कारखानदार. त्याला परवाना होता, त्या परवान्याचं पुस्तक होतं. तेव्हा ट्रंकेत हत्यार सापडलं तर आधी पुस्तक शोधा. हत्यार सापडणं ही घटना आहे. पुस्तक सापडणं हे नशीब आहे.

कृती: हात लावू नका. उघडून बघू नका, घोडा ओढून बघू नका, ‘रिकामंच असेल’ असं म्हणू नका. शंभर वर्षांचं रिव्हॉल्व्हर भरलेलंच आहे असं समजून वागायचं असतं, कारण ज्याने ते ठेवलं त्याला विचारायची सोय नसते. मुलांना बाहेर काढा, फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकू नका, आणि वकिलाला फोन करून पोलीस ठाण्यात कळवा. ज्याचा ताबा कायदेशीर राहिलेला नाही असं हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करायचं, हे शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमात लिहिलेलं आहे. मूळ परवानाधारक वारला असेल तर वारसालाही हेच लागू. जमा करून मग वारस म्हणून परवान्याचा अर्ज करता येतो. त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत हत्यार ठाण्याच्या कपाटात राहील आणि तुमचं लोखंडी कपाट रिकामं राहील. त्यात तोवर पापड ठेवावेत.

पाठ तिसरा: भोकाचा अभ्यास

हा पाठ लांब आहे. कंटाळा आला तर चहा घेऊन या, पण गाळू नका.

१८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थान निःशस्त्र करायला घेतला. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला, आणि त्यात गोऱ्यांना सूट व काळ्यांना परवाना अशी सरळ विभागणी होती. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये स्वतःचा शस्त्र कायदा केला, १९६२ मध्ये नियम केले, आणि २०१६ मध्ये ते नियम नव्याने लिहिले. गोऱ्यांची सूट गेली. एक काळजी मात्र तशीच राहिली, आणि खरं सांगायचं तर ती समंजस काळजी आहे: सैन्याची आणि पोलिसांची काडतुसं चोरीला गेली तर ती बाहेरच्या कुणाच्या हत्यारात बसता कामा नयेत.

म्हणून नियमांच्या पहिल्या वर्गात एक वाक्य आहे, ते संग्राहकाने पाठ करावं. भाषा साधारण अशी, की ज्या पिस्तुलात, रिव्हॉल्व्हरमध्ये किंवा कार्बाइनमध्ये .३८० किंवा .४५५ ची रिमवाली काडतुसं, किंवा लष्करी ९ मिलीमीटरची अथवा .४५ ची बिनरिमची काडतुसं बसू आणि उडू शकतात, ते प्रतिबंधित. बंदुकांमध्ये .३०३ आणि ७.६२ मिलीमीटर तसंच प्रतिबंधित. कंपनीचं नाव नाही, साल नाही, देश नाही, सुंदर आहे की कुरूप याची चौकशी नाही. कायद्याने भोकात डोकावून बघितलं आणि निर्णय दिला.

आता पहिल्या पाठातली अट आठवा. साहेबाला सांगितलं होतं: काहीही घे, फक्त सरकारी काडतूस बसलं पाहिजे. तुम्हाला सांगितलं जातं: काहीही घ्या, फक्त सरकारी काडतूस बसता कामा नये. वेब्ली मार्क सिक्स नेमकं पहिल्या अटीसाठी जन्माला आलं. त्यामुळे दुसऱ्या अटीत ते बसणं शक्यच नाही. एन्फिल्ड .३८० वालं, तेही गेलं. म्हणजे ‘लष्करी रिव्हॉल्व्हर जमवायचं आहे’ या तुमच्या इच्छेतला ‘लष्करी’ हा शब्दच नियमात मुद्दाम बाहेर ठेवला आहे. प्रतिबंधित बोअरचा परवाना मुंबईचे पोलीस आयुक्त देत नाहीत. तो दिल्लीत, केंद्रीय गृह मंत्रालयाकडे. त्यासाठी जिवाला असामान्य धोका आहे हे पटवून द्यावं लागतं. ‘मला त्याची चांदणी वर येताना बघायला आवडते’ हे कारण अद्याप यादीत नाही.

या एका वाक्यामुळे भारतात एक गमतीदार गोष्ट घडली. लोकांना हत्यार हवं होतं, सरकारी कारखान्यांना विकायचं होतं, आणि लष्करी बोअर चालत नव्हतं. मग हत्यारांनीच अंग चोरलं. .३०३ च्या जागी नागरिकांसाठी .३१५ ची बंदूक आली. .३८ च्या जागी .३२ चं रिव्हॉल्व्हर आलं. याच विचारातून त्याआधी इंग्रजांनी .३०३ च्या बंदुकांची नळी रुंद करून .४१० चे मस्केट केले होते, पहाऱ्यावरच्या शिपायांसाठी. त्यातून छर्रे उडत, आणि सैन्याचं काडतूस त्यात निरुपयोगी.

कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर हातात घेणाऱ्याला (परवाना असलेल्याच्या हातात, तुम्ही लांबून बघा) ओळखीचं वाटतं, कारण ते वेब्लीच्या मार्क फोर नमुन्यावरूनच बेतलेलं आहे. तीच कळ, तसंच झुकणं, तीच चांदणी, फक्त भोक लहान. २०१४ मध्ये कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ नावाचं अर्धा किलो वजनाचं .३२ रिव्हॉल्व्हर काढलं, दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर महिलांच्या संरक्षणासाठी म्हणून. किंमत होती सव्वा लाखाच्या आसपास. ज्या बाईला खरी गरज, तिने सव्वा लाख कुठून आणायचे, हे जाहिरातीत नव्हतं. आणि कडी म्हणजे २०२० पासून वेब्ली अँड स्कॉट हे नाव लावून उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे .३२ रिव्हॉल्व्हर बनू लागलं. बर्मिंगहॅमचं नाव, हरदोईचा पत्ता, आणि भोक दिल्लीने ठरवलेलं. नवशिक्याला ‘खरं’ वेब्ली कायदेशीरपणे विकत घ्यायचं असेल तर सध्या ते हेच. माझ्या मते संग्राहकाने ते कमी दर्जाचं मानू नये. कायद्याने एखाद्या यंत्राचा आकार बदलल्याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे मिळणं कठीण.

परदेशातलं जुनं .३२ वेब्ली हवं असेल तर ते बाहेरून मागवता येत नाही. ऐंशीच्या दशकापासून सामान्य नागरिकाला हत्यारं आयात करण्याची मुभा नाही. त्याआधी आलेली जेवढी देशात आहेत, तेवढीच एका परवान्यावरून दुसऱ्यावर फिरत राहतात, आणि दर फेरीला महाग होतात. चेंबूरमध्ये हे तत्त्व लोकांना समजावून सांगावं लागत नाही. इथे जागेचंही असंच आहे.

पाठ चौथा: काडतूस कुठे मिळेल?

हा प्रश्न नवशिक्या सर्वांत आधी विचारतो, आणि तो सर्वांत शेवटी विचारायचा असतो.

.३२ च्या परवानाधारकाचं उत्तर सोपं आहे: पुण्याजवळ खडकीला. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे. काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ अशी दोन अक्षरं ठोकलेली असतात, किरकी फॅक्टरीची. तुम्ही ती कारखान्यातून घेत नाही, परवानाधारक दुकानातून घेता. परवान्यावर जितकी लिहिली तितकीच मिळतात, आणि मागची कुठे गेली ते विचारलं तर सांगता आलं पाहिजे. हौस म्हणून एकच काडतूस मित्राला भेट देता येत नाही. तो मित्र उरणार नाही, आरोपी होईल.

.४५५ च्या काडतुसाचा इतिहास मात्र वाचण्यासारखा आहे, आणि वाचायला परवाना लागत नाही. आधी त्यात काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट आलं. १८९८ मध्ये तिसरा नमुना आला, त्याची गोळी दोन्ही टोकांना वाटीसारखी पोकळ होती, माणसात शिरताच पसरणारी. तिला ‘मॅनस्टॉपर’ म्हणत. बंदुकीच्या अशाच पसरणाऱ्या गोळीला कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्याचं नाव मिळून ती जगभर बदनाम झाली होती. १८९९ च्या हेग परिषदेने असल्या गोळ्या सैन्यांतून हद्दपार केल्या, मॅनस्टॉपरही गेली. शेवटी १९३९ मध्ये धातूचं आवरण असलेला सहावा नमुना आला. पूर्वी खडकीतही .४५५ बनत असे. म्हणजे तुमच्या स्वप्नातलं काडतूस एके काळी डेक्कन क्वीनच्या वाटेवर तयार होत होतं. तुम्ही उशिरा जन्मलात.

आता मुंबईत .४५५ चं जिवंत काडतूस कुठे कुठे असू शकतं याचा विचार करू. एक, न्यायालयाच्या मुद्देमाल कक्षात, लाखेची मोहर लावलेल्या पाकिटात, सोबत पंचनामा. दोन, विमानतळावर, दुसऱ्याच्या बॅगेत. हा दुसरा प्रकार खरोखर नेमाने घडतो. काकांची जुनी शिकारीची बॅग घेऊन माणूस निघतो, क्ष-किरण यंत्रात अस्तरातलं एक काडतूस चमकतं, आणि गोव्याची सहल सहार पोलीस ठाण्यात संपते. मग वकील ‘जाणीवपूर्वक ताबा’ नव्हता असं मांडतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच म्हटलं होतं की ताब्याला जाणिवेची जोड लागते. पुष्कळजण त्यावर सुटतात. पण विमान तोवर गेलेलं असतं. तुम्ही हे मार्गदर्शन वाचलेलं असल्यामुळे ‘मला ठाऊक नव्हतं’ हा बचाव तुम्हाला आता मिळणार नाही, याबद्दल दिलगीर आहोत.

तीन, समुद्राच्या तळाशी. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता, सोबत कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान. त्यांच्या आठवणीत देशभर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात. बंदरातला गाळ काढताना पुढे कैक वर्षांनीही सोन्याची वीट वर आलेली आहे. लोक सोन्याची गोष्ट रंगवून सांगतात. दारूगोळा आणि कापूस एकाच जहाजात कुणी ठेवला, हे विचारत नाहीत. घरात देवघराच्या कपाटात ‘चार जुनी काडतुसं, शोभेची’ ठेवणाऱ्याने विचारावं. जुनी दारू वयाने मवाळ होत नाही, लहरी होते. ती उडवून बघायची नाही, उघडून बघायची नाही, घासूनपुसून चमकवायचीही नाही.

शिक्षेचं कोष्टक: २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधं हत्यार किंवा काडतूस बाळगलं तर २ ते ५ वर्षं. प्रतिबंधित वर्गाचं कलम लागलं तर ७ ते १४ वर्षं. तुमचं काडतूस कोणत्या कलमात बसतं यावर दोन वकील दोन तास बोलू शकतात. रिव्हॉल्व्हरमध्ये काय बसतं यावर सुरू झालेला छंद असा शेवटी त्याच प्रश्नावर येतो, फक्त आता बसणारे तुम्ही असता.

पाठ पाचवा: मेलेलं रिव्हॉल्व्हर

निराश होऊ नका. कायद्यात एक फट आहे आणि ती संग्राहकासाठीच ठेवली आहे असं वाटावं इतकी सुबक आहे. ४५ व्या कलमाचा ‘क’ खंड: जुनाट नमुन्याचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करून किंवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येणारच नाही, त्याला हा कायदा लागू नाही.

‘दुरुस्त करून किंवा न करता’ हे शब्द सावकाश वाचा. नुसतं बंद पडलेलं चालत नाही. घोडा तुटलेला चालत नाही, तो नवा बसवता येतो. गंजलेलं चालत नाही, गंज काढता येतो. आपल्याकडे दुरुस्त होत नाही अशी वस्तूच नाही. कुर्ल्याला गेलात तर मेलेला मिक्सर बोलू लागतो. त्यामुळे हे हत्यार इतकं मेलेलं असावं लागतं की कुर्ल्यानेही हात टेकले पाहिजेत. आणि ते तसं आहे हे तुम्ही म्हणून भागत नाही. प्रश्न उभा राहिला तर उत्तर तज्ज्ञ देतो, कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतला. चेंबूरहून कलिन्याला जायला आता सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता आहे, २००३ मध्ये सुरू होऊन २०१४ मध्ये खुला झालेला. अहवालाची वाट बघताना या रस्त्याची आठवण धीर देते.

इंग्लंडात लोक नशीबवान आहेत असं नवशिक्याला वाटतं, कारण तिथे ज्यांची काडतुसं आता कुणी बनवत नाही अशा बोअरची एक अधिकृत यादी आहे, आणि त्या यादीतलं जुनं हत्यार शोभेची वस्तू म्हणून परवान्याशिवाय ठेवता येतं. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधीचं असलं की बहुतेक ठिकाणी पुराणवस्तू. इंग्लंडचा हिशेब पुन्हा काडतुसाचाच आहे: खायला मिळत नसेल तर जनावर निरुपद्रवी. आपला कायदा अधिक संशयी. तो म्हणतो, खाणं नसलं तरी दात आहेत ना?

एवढं करून तुमच्याकडे कलमात बसणारं, पूर्ण मेलेलं, शंभर वर्षांपेक्षा जुनं रिव्हॉल्व्हर आलं तर अभिनंदन. आता ते पोलिसांच्या कक्षेतून निसटून पुरातत्त्व खात्याच्या दारात उभं राहू शकतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुन्या ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. न्यू जर्सीच्या भाच्याला भेट म्हणून पाठवायचा बेत असेल तर रद्द करा.

चोरबाजारातून पितळी मुठीचं चकमकीचं पिस्तूल आणणाऱ्यांसाठी स्वतंत्र पाठ नाही. ते पिस्तूल तुमच्यापेक्षा वयाने लहान आहे.

पाठ सहावा: अर्ज

आधी आपण कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येतो ते शोधा. चेंबूर, टिळकनगर, नेहरूनगर, गोवंडी, आरसीएफ, चुनाभट्टी. चेंबूरकराचा पत्ता सांगताना ज्या गफलती होतात, त्या सगळ्या इथे कायदेशीर होतात. अर्ज आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेत, चौकशी स्थानिक ठाण्याकडून. टिळकनगरचे असाल तर चौकशीला आलेला अधिकारी एखादा प्रश्न जास्त विचारेल. राग मानू नका. या भागाने मुंबईला बडा राजन हा गुंड दिला, आणि १९८३ मध्ये त्याला कोर्टाच्या आवारात मारणारा माणूस नौदलाच्या गणवेशात आला होता. ‘लष्करी’ आणि ‘रिव्हॉल्व्हर’ हे शब्द एकाच वाक्यात ऐकले की पोलिसांना अजून कान टवकारावेसे वाटतात.

वैद्यकीय दाखला लागतो, हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं, ते सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था लागते. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं, वारशाची धरून. त्याआधी तीन होती. तेव्हा ‘संग्रह’ म्हणजे कायद्याने जास्तीत जास्त दोन वस्तू. तिसरी ठेवायला बायकोच्या नावाने अर्ज करावा लागेल, आणि ती आधी विचारेल की माझ्या दोन कुठे आहेत.

वारसाने घ्यायचं असेल तर नियमात सवलत आहे: परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याच्याकडे हत्यार पंचवीस वर्षं राहिलं, की तो जिवंतपणीच वारसाच्या नावाने करू शकतो. ज्यांचे आजोबा अडुसष्ट वर्षांचे आहेत त्यांनी त्यांची प्रकृती जपावी. एरवीही जपावी.

पाठ सातवा: खंडेनवमी

वर्षातून एक दिवस हत्याराला झेंडूचा हार घालायची सोय आपल्या पंचांगाने ठेवली आहे. खंडेनवमीला पाना, पक्कड, शिलाई यंत्र, स्कूटर आणि हत्यार, सगळे एका ओळीत बसतात. नवशिक्याला वाटतं, निदान या दिवशी तरी आपला संग्रह चारचौघांत दिसेल.

पण निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांच्या नावांची छाननी होते आणि ज्यांना नोटीस येते त्यांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. महाराष्ट्राच्या विधानसभेची निवडणूक आणि दसरा यांचं जुनं सख्य आहे. २००९ मध्ये आचारसंहिता ३१ ऑगस्टला लागली आणि दसरा २८ सप्टेंबरला आला. २०१४ मध्ये १२ सप्टेंबरला लागली, दसरा ३ ऑक्टोबरला. २०१९ मध्ये २१ सप्टेंबरला लागली, दसरा ८ ऑक्टोबरला. तीन वेळा ओळीने अनेकांच्या रिव्हॉल्व्हरने सोनं लुटलं ते ठाण्याच्या कपाटात, शेजारच्या अनोळखी रिव्हॉल्व्हरांसोबत. २०२४ मध्ये मात्र दसरा १२ ऑक्टोबरला झाला आणि आचारसंहिता १५ ला लागली. तीन दिवसांनी देवी पावली.

पुढच्या वेळी पंचांग आणि निवडणूक आयोग यांचं पुन्हा जुळलं, तर पाटावर ठाण्याची पावती ठेवून पूजा करावी. फक्त मूळ पावती ठेवू नका, छायाप्रत ठेवा. हत्यार परत घ्यायला मूळ प्रत लागते, आणि तिच्यावरचा शिक्का कुंकवाखाली गेला तर कारकून आधी तुमच्याकडे बघतो, मग पावतीकडे, आणि मग म्हणतो, ‘सोमवारी या.’